पैसे मोजून घेतलेल्या स्क्रीनवर जाहिरात आली कुठून?

टीव्ही चालू केला की आपलं चॅनेल लागायच्या आधी जाहिरात, मोबाईलचं लॉक उघडायच्या आधी जाहिरात, यावर सगळेच वैतागलेत. पण हे सुरू कुठून झालं ते बघितलं तर कळतं की सुरुवातीला हा चक्क उघड सौदा होता आणि त्यात गिऱ्हाईकाच्या पदरातही काहीतरी पडत होतं.

१९९९ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या फ्री-पीसी नावाच्या कंपनीने जाहीर केलं की आम्ही १० हजार कॉम्पॅक कॉम्प्युटर फुकट वाटणार. अटी अशा की वय, उत्पन्न, आवडीनिवडी सगळी माहिती द्यायची, महिन्याला किमान १० तास कॉम्प्युटर वापरायचा आणि स्क्रीनच्या कडेला जाहिराती कायम चालू राहणार, अगदी इंटरनेट बंद असलं तरी, कारण त्या हार्ड डिस्कवरच साठवलेल्या. १० लाखांच्या वर लोकांनी अर्ज केले. धंदा काही टिकला नाही, वर्षाच्या शेवटी कंपनी ईमशीन्स या दुसऱ्या कॉम्प्युटर कंपनीत विलीन करायचं ठरलं, पण काय देतोय आणि काय घेतोय हे पहिल्या दिवसापासून उघड होतं.

मग २०११ मध्ये अॅमेझॉनने जाहिरातीवालं किंडल, म्हणजे पुस्तकं वाचायचं स्क्रीनवालं यंत्र, आणलं, किंमत ११४ डॉलर, बिनजाहिरातीचं १३९. म्हणजे फुकटवरून गाडी २५ डॉलरच्या सवलतीवर आली. तरीही जाहिरात फक्त बंद स्क्रीनवर आणि होम स्क्रीनच्या तळाला, पुस्तकाच्या पानात नाही, आणि कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. मला यात फार वावगं वाटत नाही.

गाडं खरं बिघडलं ते टीव्हीत. टीव्ही स्वस्त होत गेले, कंपन्यांना एका टीव्हीमागे सुटणारा नफा अगदीच थोडा राहिला. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीचे तंत्रज्ञान प्रमुख बिल बॅक्स्टर यांनी २०१९ मध्ये मुलाखतीत स्पष्टच सांगितलं की या धंद्यात मार्जिन ६ टक्क्यांच्या आसपास असतं आणि कमाई टीव्ही विकल्यानंतर, लोक तो वापरत असताना करायची असते. आणि ही नंतरची कमाई शक्य झाली ती सॉफ्टवेअर अपडेटमुळे, कारण आता वस्तू तुमच्या घरी, पैसे चुकते केलेले, तरी तिच्यात काय दिसावं हे कंपनी दूर बसून बदलू शकते. त्याच २०१९ मध्ये काही सोनी अँड्रॉइड टीव्हींच्या होम स्क्रीनवर अचानक स्पॉन्सर्ड अशी नवी रांग दिसायला लागली, घेताना ती नव्हती, गूगलने सांगितलं की हा प्रयोग आहे. गावाकडे घराच्या भिंतीवर सिमेंटची नाहीतर बियाण्याची जाहिरात रंगवायची असली तर मालकाला विचारतात, चार पैसे देतात, निदान भिंत तरी रंगवून देतात. इथे विचारणं पण नाही आणि देणं पण नाही.

बरं नुसतं दाखवणं नाही, बघणं पण आलं. व्हिझिओचे टीव्ही स्क्रीनवरचे थोडे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, सेकंदासेकंदाला उचलून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवायचे, तिथे ते साठवलेल्या कार्यक्रमांशी ताडून बघितलं जायचं, म्हणजे तुम्ही केबल बघा, डीव्हीडी लावा, सेट टॉप बॉक्स जोडा, कंपनीला काय चाललंय ते कळणार. ही माहिती पुढे जाहिरातवाल्यांच्या कामाला. १ कोटी १० लाख टीव्हींवर हे मालकांना धड न सांगता चाललं होतं, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने आणि न्यू जर्सी राज्याने २२ लाख डॉलर भरायला लावून प्रकरण मिटवलं. टीव्हीमागे हिशोब काढला तर २० सेंट.

आपल्याकडे हे आलं ते मोबाईलवरून. शाओमीचे प्रमुख ले जून यांनी एप्रिल २०१८ मध्ये शब्द दिला की हार्डवेअरवर निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर घेणार नाही. फोन खरंच स्वस्त मिळाले, म्हणून तर तेव्हा घरोघरी रेडमी दिसायचा. पण त्याच वर्षी सप्टेंबरात लोकांनी सेटिंगच्या मेन्यूत जाहिराती दिसतात म्हणून ओरडा केला, तेव्हा जाहिराती हा आमच्या इंटरनेट सेवेचा भागच आहे असं कंपनीचं उत्तर. त्या बंद करायच्या तर सेटिंगमध्ये खोलवर जाऊन जाहिराती दाखवणाऱ्या एमएसए नावाच्या अॅपची परवानगी काढायची, तिथे १० सेकंदांची उलटी मोजणी संपेपर्यंत थांबायचं, आणि बऱ्याचदा पहिल्यांदा जमतच नाही, परत करायला लागतं. ज्याला सेटिंग हा प्रकारच नवा आहे अशा माणसाने हे शोधायचं कसं? नंतर लॉक स्क्रीनवर बातम्या आणि जाहिराती दाखवणारं, बंगळुरूच्या इनमोबी या जाहिरात कंपनीचं ग्लान्स आलं, अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये आधीपासूनच घातलेलं, आणि २०२२ मध्ये जिओने त्यात २० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. यावरून लॉक स्क्रीनची किंमत कळते.

स्वस्त वस्तू म्हणून जाहिरात, ही सबब पण आता उरली नाही. २०२५ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत फॅमिली हब फ्रिजच्या दारावरच्या स्क्रीनवर अपडेटने जाहिराती सुरू केल्या, आणि हे फ्रिज १,८०० डॉलरपासून पुढचे.

आपल्याकडचे नियम आहेत ते दुसऱ्या वाटांवर लक्ष ठेवणारे. चॅनेलला तासाला १२ मिनिटांची मर्यादा, नको असलेले कॉल-मेसेज थांबवायला १९०९ हा नंबर. टीव्हीची होम स्क्रीन धड चॅनेल नाही, धड कॉल नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे स्क्रीनवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, १३ प्रकार सांगितले, त्यात लपवलेली जाहिरात आहे, सारखं सारखं टोचत राहणं आहे, त्याच्या आधारे तक्रार करायला जागा आहे. पण मला वाटतं त्याहून सोपं काम खोक्यावर होऊ शकतं. एमआरपी, कंपनीचा पत्ता, तक्रारीसाठी नंबर हे आजही छापावंच लागतं, त्याच्याच खाली या स्क्रीनवर जाहिराती दिसतील की नाही एवढी एक ओळ सक्तीची करा, आणि विकल्यानंतर अपडेटमधून त्या आणल्या तर नको म्हणायचं बटण पहिल्याच स्क्रीनवर द्यायला लावा.