आर्क फ्लॅशचा आकडा आणि कोकणातले ब्रेकर

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत तळोजा, रोहा, महाड, लोटे-परशुराम अशी कारखान्यांची वस्ती कोकणात वाढत गेली. इथल्या वायरमनला सुरक्षेचा पहिला धडा मिळाला तो शॉकचा. रबरी हातमोजे, रबरी बूट, अर्थिंग: १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही हीच साधनं सांगितली होती. पण चालू पॅनेलमध्ये हातातला पाना निसटून बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर पडला, तर माणूस कशालाही न शिवता भाजतो. हवेतून उसळणाऱ्या विजेच्या या झोताचं, म्हणजे आर्क फ्लॅशचं, तापमान २०,००० अंश सेल्सियसच्या घरात जातं, तांब्याची वाफ होते आणि पॅनेलचं दार उडून येऊ शकतं.

या भाजण्याचं गणित अमेरिकेत राल्फ ली यांनी १९८२ च्या शोधनिबंधात मांडलं. १९९५ साली ते एनएफपीए ७०ई या अमेरिकन विद्युत सुरक्षा मानकात उतरलं. २००२ मध्ये आयट्रिपलई १५८४ हे आर्कची उष्णता मोजायचं मानक आलं, प्रत्यक्ष चाचण्यांतून काढलेल्या सूत्रांसह. २०१८ च्या आवृत्तीत बसबारची मांडणी आणि पॅनेलची मापंही हिशेबात आली. उघड्या त्वचेवर दर चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी उष्णता पडली की फोड येण्याइतकं भाजतं. ही सीमा धरून सुरक्षित अंतर ठरतं.

या सूत्रांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेळ: दोष आल्यावर वीज तोडणारा स्विच, म्हणजे ब्रेकर, किती वेळात उघडतो. ब्रेकर ०.१ सेकंदाऐवजी ०.५ सेकंदाने तुटला, तर उष्णता साधारण पाचपट. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या पॅनेलवर फॉल्ट करंट (दोष आल्यावर वाहणारा प्रवाह) कमी असतो, म्हणून तिथे धोका कमी असं वाटतं. पण कमी करंटला रिले, म्हणजे ब्रेकरला तुटायचा हुकूम देणारं साधन, उशिरा चालतो, आणि कधी कधी तिथलाच उष्णतेचा आकडा जास्त निघतो.

या सूत्रांनी पॅनेलचा आकडा काढून लेबलवर लिहितात; त्या अभ्यासात धरलेली वेळ नव्या ब्रेकरची असते. आपल्याकडे खारा वारा आहे, चार महिने पाऊस आहे, शेजारी रसायनांची वाफ आहे. एसीबी (हवेत आर्क विझवणारा मोठा ब्रेकर) रॅक-आऊट करून, म्हणजे पॅनेलमधून बाहेर ओढून पाहा: ग्रीस घट्ट झालेलं, स्प्रिंगवर गंज, चांदीचे कॉन्टॅक्ट गंधकाच्या वायूने काळे पडलेले, पॅनेलमधला ओल घालवणारा हीटर कधीचा बंद. असा ब्रेकर अभ्यासात धरलेल्या वेळेत उघडेल, यावर वायरमनचा जीव टांगायचा का?

म्हणून शटडाऊनमध्ये नुसता रिले तपासून थांबू नये. ब्रेकर प्रत्यक्ष ट्रिप करून वेळ मोजावी आणि अभ्यासातल्या वेळेशी ताडावी. फरक निघाला तर ब्रेकर दुरुस्त होईपर्यंत किंवा लेबल बदलेपर्यंत, पुरवठ्याच्या बाजूने लाईन बंद केल्याशिवाय ते पॅनेल कोणालाही उघडू देऊ नये.