माहेर न सोडणाऱ्या हरिणी

जपानमधल्या नारा शहरात हरणे रस्ता ओलांडतात, देवळाच्या पायऱ्यांवर रवंथ करत बसतात आणि पर्यटकाच्या हातातले कोंड्याचे बिस्कीट हिसकावून घेतात. नारा पार्कात ती बाराशेहून जास्त आहेत. 2023 मध्ये जपानी संशोधकांनी त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सांगितले, की ही हरणे भोवतालच्या डोंगरांतल्या आपल्याच जातभाईंपासून हजाराहून जास्त वर्षे तुटलेली आहेत. मध्ये कुंपण नाही, समुद्र नाही. तरीही.

या हरणाला जगभर ‘सिका’ म्हणतात. जपानी भाषेत ‘शिका’ म्हणजेच हरीण, त्यामुळे ‘सिका हरीण’ हे आपल्या ‘गोल सर्कल’सारखेच झाले. उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके असतात, म्हणून फोटोत ते चितळासारखे वाटते. पण चितळ हरणांच्याच वेगळ्या गटातले. सिकाचे जवळचे नाते आहे युरोपातल्या लाल हरणाशी, आणि या नात्याने पुढे बराच घोळ घातला आहे.

नारातले कासुगा देवस्थान 768 साली उभे राहिले. देव पूर्वेकडच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून इथे आला, अशी कथा आहे. देवाचे वाहन म्हटल्यावर त्याच्यावर बाण कोण चालवणार? हरीण मारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होत असे. देवस्थानाच्या हद्दीबाहेर मात्र शिकार होत राहिली. मांस हवे होते, कातडे हवे होते, जंगलही तुटत होते. बाहेरचे कळप विरळ होत गेले आणि हद्दीतले टिकले.

जनुकांमध्ये हे दिसते त्याचे कारण हरणांच्या वागण्यात आहे. नर वयात आला की भटकतो, मादी मात्र जन्मली त्या परिसरातच राहते. माहेर सोडायचेच नाही, असा तिचा खाक्या. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा डीएनए फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे त्यात माद्यांचाच इतिहास लिहिलेला असतो. नारात आईकडून येणारा जो प्रकार सापडला, तो नारा ज्यात येते त्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पात इतरत्र कुठेच मिळाला नाही. हा फाटा सुमारे 1400 वर्षांपूर्वी फुटला असावा, असा अंदाज आहे, म्हणजे देवस्थानाच्याही थोडा आधी. ही साखळी एकदा तुटता तुटता वाचली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी इथे फक्त 79 हरणे उरली होती. 1957 मध्ये त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर उलटे घडले. मेइजी काळात (1868-1912) तिथे मांसासाठी आणि कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली, त्यात 1879 च्या हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडले आणि हरणे जवळजवळ संपली. आज तिथे ती पुन्हा लाखांनी आहेत. पण जुन्या हाडांमधून काढलेल्या डीएनएत जे प्रकार दिसतात, त्यांतले काही आजच्या कळपांत नाहीत. संख्या भरून आली, वैविध्य नाही.

तैवानची कथा याहून वाईट. सतराव्या शतकात डच व्यापारी तिथून दरवर्षी हजारो कातडी जपानला पाठवत. 1969 च्या सुमारास तिथल्या रानातले शेवटचे सिका संपले. आज केंटिंगच्या जंगलात दिसतात ती पिंजऱ्यातल्या हरणांची पिलावळ.

मग ती परदेशी गेली, अर्थात हौसेपायी. 1860 मध्ये आयर्लंडच्या विकलो भागातल्या पॉवरस्कोर्ट जहागिरीत एक नर आणि तीन माद्या आणल्या गेल्या. काही हरणे कुंपणाबाहेर निसटली आणि लाल हरणांमध्ये मिसळली. स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पात सिका आले 1893 मध्ये. लाल हरीण आकाराने बरेच मोठे, त्यामुळे थेट जोडी क्वचितच जमते. पण जमली की संतती वांझ नसते, आणि ती पुढे दोन्ही बाजूंना मिसळत जाते. किंटायर परिसरात लॉख ऑ सरोवराच्या पश्चिमेला तपासलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त हरणे संकरित निघाली. दिसायला पक्के सिका, आणि आजी लाल! नुसत्या डोळ्यांनी पाहून संकरित हरणे निवडून मारायची योजना तिथे का फसते, ते यावरून कळते.

हरणे वाढतात कशी आणि कोसळतात कशी, याचे धडेही सिकानेच दिले. अमेरिकेत मेरीलँडजवळच्या जेम्स बेटावर 1916 मध्ये चार-पाच हरणे सोडली होती. 1950 च्या दशकाच्या मध्यावर ती तीनशेच्या आसपास गेली आणि 1958 च्या सुरुवातीला अर्ध्याहून जास्त मेली. मेलेली हरणे हडकुळी नव्हती. जॉन ख्रिश्चन या संशोधकाला त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या, ताणात संप्रेरके सोडणाऱ्या ग्रंथी, सुजलेल्या आढळल्या. गर्दीच्या ताणाने ती गेली, असे त्याने मांडले. होक्काइदोच्या तोया सरोवरातल्या नाकानोशिमा बेटावर मात्र खरी उपासमार झाली. तिथली हरणे नंतर चक्क गळलेली पाने खाऊन तगली.

खुद्द जपानमध्ये आता प्रश्न आहे तो जास्त हरणांचा. तिथला शेवटचा ज्ञात लांडगा 1905 मध्ये मारला गेला, तोही नारा प्रांतातल्याच डोंगरात. माद्यांच्या शिकारीवरची देशव्यापी बंदी 2007 पर्यंत होती. शेतांचे, रोपांचे, झाडांच्या सालींचे नुकसान वाढत गेले.

नारा पार्कात वनस्पतींनीही आपापला बंदोबस्त केला आहे. विषारी असेबीच्या झुडपांना हरणे तोंड लावत नाहीत, म्हणून ती माजली आहेत. तिथे एक खाजरी वनस्पती आहे. तिच्या पानांवर, हरणे नसलेल्या जागच्या त्याच वनस्पतीपेक्षा कित्येक पटींनी जास्त काटेरी केस आढळतात, आणि हा गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. हजार वर्षे चरल्याची पावती!

पार्काबाहेरच्या पट्ट्यात शेतीची नासधूस करणारी हरणे 2017 पासून पकडून मारली जातात. पण पकडलेले हरीण डोंगरातून उतरलेले आहे, की कासुगाच्या हद्दीतून बाहेर पडलेले, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी डीएनएच तपासावा लागतो.