पाच मजली बुद्धिबळ आलं कुठून?

एकावर एक पट रचलेलं बुद्धिबळ म्हटलं की बऱ्याच जणांना टीव्हीवरची ती जुनी अमेरिकन अंतराळयानवाली सिरीयल 'स्टार ट्रेक' आठवते, त्यामुळे हे सगळं १९६० च्या दशकातलं फॅड असणार असं वाटतं. पण तसं नाहीये, ही कल्पना त्याच्या शंभरेक वर्षं आधीची आहे.

१८५१ साली लंडनमध्ये जर्मन खेळाडू अँडरसनकडून बुद्धिबळातला प्रसिद्ध 'अमर डाव' जो हरला तो लिओनेल किझेरित्स्की, पॅरिसमध्ये राहणारा खेळाडू, त्याने त्याच सुमारास ८×८ चे आठ पट एकावर एक ठेवून 'कुबिकशाख' नावाचा खेळ काढला होता. म्हणजे ५१२ घरं! तो काही रुजला नाही.

मग आले हॅम्बुर्गचे डॉक्टर फर्डिनांड माक. १९०७ मध्ये त्यांनी 'राउमशाख' मांडलं, जर्मनमध्ये राउम म्हणजे अवकाश आणि शाख म्हणजे बुद्धिबळ. त्यांचं म्हणणं असं की बुद्धिबळ ही जर लढाई असेल तर आताच्या लढाईसारखा हल्ला वरून आणि पाण्याखालूनही करता आला पाहिजे. तो काळ बघा ना, १९०० मध्ये झेपेलिन या हवाई जहाजाचं पहिलं उड्डाण झालेलं आणि १९०६ च्या शेवटी जर्मन नौदलात पहिली पाणबुडी दाखल झालेली, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हे येणं अगदी साहजिक होतं.

माक यांनीही सुरुवात ८×८×८ पासूनच केली, पण नंतर लहान पट करून बघत बघत ते ५×५×५ वर येऊन थांबले, आणि माझ्या मते हा खेळ टिकला तो याच निर्णयामुळे. १२५ घरं, दोघांच्या मिळून ४० सोंगट्या, म्हणजे सुरुवातीलाच साधारण दोन तृतीयांश पट मोकळा. नेहमीच्या बुद्धिबळात निम्मा पट भरलेला असतो, आणि तरीही इथे गर्दी जाणवते कारण धोका सगळीकडून येतो.

चाली समजायला एक साखरेचा क्यूब डोळ्यासमोर आणा, त्याला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे. हत्ती बाजूंमधून सरळ जातो (वर-खाली पण), उंट कडांमधून तिरका जातो. आता कोपरे उरले, त्यांतून जाणारी सोंगटीच नव्हती! म्हणून माक यांनी नवीन सोंगटी आणली, युनिकॉर्न, आपण एकशिंगी म्हणू. हे मला फार आवडतं, कारण नावीन्य म्हणून काहीतरी चिकटवलेलं नाहीये, क्यूबच्या आकारातूनच ती सोंगटी निघाली. वजिराला तिन्ही मिळून २६ दिशा, राजाला त्याच २६ दिशांना एकेक घर. घोडा आपला अडीच घरंच चालतो, फक्त कुठल्याही प्रतलात.

याने सोंगट्यांची किंमत बदलते. साध्या रिकाम्या पटावर हत्तीला कुठूनही १४ घरं मिळतात, इथे १२ च, आणि घोड्याला मात्र मधोमध उभा केला तर ८ ऐवजी २४! एकशिंगी दिसायला भारी पण एक एकशिंगी १२५ पैकी फक्त ३० घरांवरच पोचू शकतो, तुमचे दोन्ही धरले तरी ६०.

मांडणी अशी की प्रत्येकाकडे राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, दोन एकशिंगी आणि दहा प्यादी. पांढरा खालच्या दोन मजल्यांवर एका कडेला, काळा वरच्या दोन मजल्यांवर समोरच्या कडेला, मधला मजला पूर्ण रिकामा. पांढरं प्यादं एक घर पुढे किंवा एक मजला वर जातं, काळं उलट खाली उतरतं. पहिल्या चालीला दोन घरं नाहीत, किल्लेकोट पण नाही. पांढरं प्यादं सर्वात वरच्या मजल्याच्या शेवटच्या ओळीत पोचलं की बढती. जिंकायचं मात देऊनच, पण राजाला पळायला २६ पर्यंत घरं असतात त्यामुळे एकट्या वजिराच्या जिवावर मात बसत नाही, दोन-तीन सोंगट्या आधी नीट आणून ठेवाव्या लागतात.

१९१९ मध्ये माक यांनी हॅम्बुर्गमध्ये राउमशाखचा क्लबही काढला, १९३० मध्ये ते गेले तरी तो चालू राहिला, थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत.

काचेचे मजले वगैरे नसले तरी अडत नाही, वहीच्या पानावर ५×५ चे पाच चौकोन शेजारी शेजारी काढा, ए ते ई नावं द्या, ए सर्वात खाली, आणि पहिल्यांदा फक्त एक हत्ती आणि एक एकशिंगी घेऊन फिरवून बघा. हत्तीचं वर चढणं पाच मिनिटांत कळतं, कारण तो दर चौकोनात त्याच घरात असतो. एकशिंगीला मात्र दर मजल्याला आडवं पण एक घर आणि उभं पण एक घर सरकावं लागतं, तिथे डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो.