एचआयव्ही उपचारांतील गणिती प्रतिमाने

एचआयव्हीची शरीरातील वाढ, त्याचा नाश आणि औषधांचा परिणाम समीकरणांत मांडून उपचार कसे द्यावेत हे ठरवायला मदत करणारी पद्धत. मूळ प्रतिमानात तीनच राशी असतात: निरोगी सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी), संसर्ग झालेल्या पेशी आणि मोकळे विषाणू. त्यांची दररोजची वाढ-घट अवकल समीकरणे (बदलाचा वेग मांडणारी समीकरणे) सांगतात. औषध संसर्गाचा किंवा विषाणूनिर्मितीचा दर खाली आणते.

संसर्गानंतर अनेक वर्षे रक्तातील विषाणूंचे प्रमाण फारसे बदलत नाही, त्यामुळे या काळात विषाणू सुस्त असतो असा समज होता. पण टाकीत येते तेवढेच पाणी गळत असेल, तरी पातळी स्थिरच दिसते. येणारी धार बंद केली की गळती मोजता येते. औषधाने नेमके हेच केले. अ‍ॅलन पेरेलसन, डेव्हिड हो या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये रिटोनाविर हे एचआयव्हीविरोधी औषध दिलेल्या ५ रुग्णांच्या मोजण्यांवरून हिशेब मांडला: मोकळ्या विषाणूचे अर्धायुष्य (संख्या निम्मी होण्याचा काळ) सुमारे ६ तास, विषाणू तयार करणाऱ्या पेशीचे १.६ दिवस आणि रोजची निर्मिती किमान १,००० कोटी विषाणूंची.

विषाणूच्या जनुकसंचात सुमारे १०,००० अक्षरे असतात आणि साधारण तीन प्रतींमागे एक चूक होते. म्हणजे एका बदलाने औषधाला दाद न देणारे विषाणू उपचाराआधीच तयार असतात. तीन औषधांना पुरून उरणारे बदल एकत्र येणे मात्र दुर्मीळ. तिहेरी उपचारांमागचे हे गणित. अर्थात निर्णायक पुरावा रुग्णांवरील चाचण्यांचाच.

१९९७ मध्ये याच गटाने औषधांनी विषाणूंची वाढ पूर्ण रोखली गेल्यास विषाणू २.३ ते ३.१ वर्षांत संपतील असे अनुमान काढले, मात्र न दिसणाऱ्या साठ्यांची शक्यताही नोंदवली. ती खरी ठरली: सुप्त स्मृतिपेशींत (जुने संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या दीर्घायुषी रोगप्रतिकारक पेशींत) दडलेला साठा घटण्याचा वेग पाहता ६० वर्षेही पुरली नसती.

उपचारांत खंड घेण्याची कल्पनाही समीकरणांत आकर्षक दिसे. २००६ च्या ‘स्मार्ट’ चाचणीत सीडी४ संख्येनुसार औषधे थांबवणाऱ्या गटात आजार आणि मृत्यू अधिक आढळले; हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे विकार साध्या प्रतिमानात नव्हतेच.

चुकलेल्या मात्रांचा हिशेब मात्र उपयोगी पडतो. तिहेरी उपचारांत वापरले जाणारे इफाविरेंझ हे औषध शरीरात दीर्घकाळ टिकते. तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबवली, तर काही काळ ते एकटेच उरते आणि त्याला दाद न देणाऱ्या विषाणूंना वाव मिळतो.