फर्स्ट लेगो लीग

लेगोच्या सुट्या भागांपासून रोबोट तयार करून खेळली जाणारी शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘फर्स्ट’ ही संस्था आणि डेन्मार्कची लेगो कंपनी यांनी ती १९९८ मध्ये सुरू केली. ‘फर्स्ट’ची मूळ स्पर्धा १९९२ पासून मोठ्या मुलांसाठी होत होती. तिच्यातले रोबोट चांगलेच वजनदार. ते घडवायला यंत्रशाळा आणि जाणकार अभियंते लागत. लहानांना ते झेपण्यासारखे नव्हते. १९९८ मध्येच लेगोने प्रोग्रॅम करता येणारा ‘माइंडस्टॉर्म्स’ संच बाजारात आणला आणि ही अडचण दूर झाली. पुढे त्याची जागा लेगोच्याच ‘स्पाइक प्राइम’ संचाने घेतली.

‘चॅलेंज’ हा मुख्य गट ९ ते १६ वर्षांच्या मुलांचा. अमेरिका आणि कॅनडात मर्यादा १४ वर्षांची. एका संघात जास्तीत जास्त १० जण. दरवर्षी नवा विषय येतो: २०१८-१९ मध्ये अंतराळ प्रवास होता, २०२४-२५ मध्ये समुद्र.

सामना सुमारे आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर होतो. टेबलावर छापील मॅट आणि तिच्यावर लेगोची मॉडेल पक्की बसवलेली. कुठे तरफ दाबायची, कुठे वस्तू उचलून आणायची. वेळ अडीच मिनिटे, आणि रिमोट अजिबात नाही. बटण दाबले की रोबोट आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणेच चालणार. निघताना दोन अंश वाकडा लागला, तर दोन मीटरवर तो सात सेंटिमीटर बाजूला जातो आणि तरफ हुकते. चाक घसरले, बॅटरी उतरली तरी तीच गत. म्हणून मुरलेले संघ रोबोट मधूनमधून टेबलाच्या कडेला टेकवून सरळ करून घेतात किंवा रंग ओळखणाऱ्या सेन्सरने मॅटवरची काळी रेघ पकडतात. टेबलावरच्या ‘होम’ या राखीव भागात रोबोटला हात लावता येतो, पुढची जोडणी बदलता येते. बाहेर अडकलेला रोबोट उचलला, की संघाला सुरुवातीला मिळालेल्या सहा चकत्यांपैकी एक जाते. सहाही राखल्या तर ५० गुण. पाच उरल्या तरी ५०. म्हणजे पहिली चूक माफ, पुढची महाग. उचलावा की अजून थोडी वाट पाहावी, हे टेबलापाशी उभ्या मुलांनी त्या क्षणी ठरवायचे असते.

प्रेक्षकांची सगळी गर्दी या टेबलांभोवती असली, तरी विजेता ठरवताना खेळाच्या गुणांचे वजन जेमतेम एक चतुर्थांश धरले जाते. उरलेले तीन भाग रोबोटची रचना, वर्षाच्या विषयावरचा प्रकल्प आणि संघाची वागणूक यांचे. ते परीक्षकांसमोर ठरतात. ‘हा भाग असा का बसवलात?’ असे परीक्षक विचारतात आणि उत्तर मुलांनीच द्यायचे असते. काम मुलांनीच करावे असा नियम आहे; तरी पालक-प्रशिक्षकांचा हात किती लागला, ही कुरबुर जुनीच आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. या प्रश्नोत्तरांत मात्र ते बरेचसे उघडे पडते.

जागतिक फेरी अमेरिकेत ह्यूस्टन येथे एप्रिलमध्ये भरते. भारतातूनही संघ उतरतात. संच महाग असल्याने इथे स्पर्धेचा ओढा दीर्घकाळ शहरांतल्या खासगी शाळांकडे राहिला. केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब या शाळांतल्या प्रयोगशाळांमुळे सहावी ते बारावीच्या मुलांना सरकारी शाळांतही सेन्सर-मोटरी हाताळायला मिळू लागल्या आहेत.