कार्ताझ (सागरी परवाना)

हिंदी महासागरात फिरणाऱ्या आशियाई व्यापारी जहाजांना पोर्तुगीज सत्ता देत असलेला लेखी परवाना. परवाना नसलेले किंवा त्यातील अटी मोडणारे जहाज मालासकट जप्त करण्याचा हक्क पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी स्वतःकडे घेतला. पुढे डच, इंग्रज, मराठे अशा पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक सर्व आरमारी सत्तांनी आपापले परवाने काढले. मराठी कागदपत्रांत त्यांना ‘कौल’ किंवा ‘दस्तक’ म्हटले आहे.

या पद्धतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीत, १५०२ मध्ये, मलबारातील मित्रराज्यांच्या जहाजांना ओळखपत्रे दिली गेली, असे पोर्तुगीज वृत्तान्तकारांच्या लेखनावरून दिसते. बहुतेक अभ्यासक हेच वर्ष धरतात. मात्र या पत्रांचा हेतू मित्राचे जहाज चुकून लुटले जाऊ नये एवढाच असावा. १५०५ मध्ये फ्रांसिस्कु द आल्मैदा पहिला व्हाइसरॉय म्हणून आला, किनाऱ्यावर किल्ले उभे राहू लागले आणि आरमार बारमाही राहिले. परवाना सर्वांवर लादण्याचे बळ त्यानंतरच आले. म्हणून सुटी पत्रे १५०२ ची आणि पद्धत १५०५ नंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १५०२ च्याच सफरीत मक्केहून परतणारे ‘मीरी’ हे यात्रेकरूंचे जहाज गामाने लुटले आणि स्त्रिया-मुलांसह जाळले. परवान्याचा धाक कशातून निर्माण झाला, हे समजण्यासाठी ही घटना विसरून चालत नाही.

दुसरा वाद पूर्वपरंपरेचा आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने फाकनूर (कर्नाटक किनाऱ्यावरील बारकूर) येथील रिवाज नोंदवला आहे : बंदरावरून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने तेथे थांबून राजाला नजराणा द्यायचा, न थांबणाऱ्याचा पाठलाग करून त्याला आत आणायचे आणि दुप्पट वसुली करायची. यावरून काही अभ्यासक कार्ताझ ही जुन्याच रिवाजाची वाढ मानतात. त्यात तथ्य आहे, पण फरक मोठा आहे. फाकनूरच्या राजाचा दावा आपल्या बंदरासमोरील पाण्यापुरता होता. पोर्तुगीजांनी तो खुल्या समुद्रावर केला. झुवाँव द बारुश या इतिहासकाराने त्याचे समर्थनही लिहून ठेवले आहे. समुद्र सर्वांना खुला हा नियम युरोपातील ख्रिस्ती लोकांपुरता असून मुसलमान व इतर धर्मीय त्याबाहेरचे आहेत, असा त्याचा युक्तिवाद. असा दावा या किनाऱ्यावरील आधीच्या कोणत्याही राजाने केल्याचे दिसत नाही, त्यामुळे ही पद्धत तत्त्वतः नवीच म्हणावी लागते.

परवान्यात जहाजाचे नाव, आकारमान, नाखुदा (कप्तान), जहाजावरील शस्त्रे आणि जाण्या-येण्याची बंदरे लिहिलेली असत. मिरी व युद्धोपयोगी माल नेण्यास सामान्यतः मनाई असे आणि घोडे आणणाऱ्या जहाजांना गोव्यास यावे लागे. परवान्याची फी किरकोळ होती. खरी कमाई दीव, चौल, गोवा अशा ठाण्यांवर सक्तीने थांबवून घेतलेल्या जकातीची होती. हज यात्रेकरूंनाही यातून सुटका नव्हती. परवान्यावर मेरी व येशूच्या प्रतिमा असल्याने तो घेऊन समुद्रमार्गे जाणे धर्मबाह्य ठरते आणि म्हणून हजचे बंधन उरत नाही, असे मत अकबराच्या दरबारातील एका बड्या धर्मशास्त्र्याने दिल्याचे अकबरकालीन इतिहासकार बदाऊनीने नमूद केले आहे.

परवाना असूनही जप्ती टळेलच असे नव्हते. १६१३ मध्ये जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी हिचे ‘रहीमी’ हे जहाज वैध कार्ताझ असताना पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्यास नेले. इंग्रजांचा सुरतेत शिरकाव होऊ लागल्याचा राग त्यामागे होता. जहांगीरने दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला आणि राज्यातील चर्च बंद करविली. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांची जहाजेही सुरक्षित नव्हती. २५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरजवळ डचांनी पकडलेल्या ‘सांता कातारीना’चा माल ॲम्स्टरडॅममध्ये ३० लाखांहून अधिक गिल्डरला विकला गेला. या जप्तीच्या समर्थनार्थ डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने लेखन केले आणि त्यातील एका प्रकरणातून (१६०९) खुल्या समुद्राचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला. स्वतः डचांनी मात्र आशियात परवाने सक्तीचे केले.

मराठ्यांच्या बाजूचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथातील आरमाराचे प्रकरण हा आहे. कौली (कौल घेतलेल्या) सावकारांना उपद्रव होऊ नये, कौल नसलेल्या परमुलुखातील सावकारांनाही दिलासा द्यावा, असा त्याचा रोख आहे; शत्रूची तरांडी (गलबते) मात्र पकडावयाची. मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांची दस्तके याच धोरणातली. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली. चकमकीत कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याची पत्नी ३०,००० रुपये खंडणी घेऊन १७१३ मध्ये सोडण्यात आली. त्यानंतर झालेला तह टिकला नाही. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना सूट मान्य, पण देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रज निशाणाखाली नेला तर त्याला आपले दस्तक हवे, हे कान्होजींचे म्हणणे होते. कंपनीने त्यांना चाचे ठरवले आणि जुन्या इंग्रजी ग्रंथांतून तेच वर्णन चालत आले. ते टाकून देणे योग्य. परवाना द्यायचा आणि तो नसेल तर जहाज धरायचे, हेच पोर्तुगीज दोनशे वर्षे करत होते आणि त्यांना कोणी चाचे म्हटले नाही.

कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांनी १७३५ मध्ये ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे जहाज पकडले. त्यांचे भाऊ तुळाजी आंग्रे यांच्याशी पेशव्यांचे बिनसल्यावर पेशवे व इंग्रज एकत्र आले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्र्यांचा विजयदुर्ग किल्ला पडला. बंदरात उभ्या असलेल्या, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफगोळा पडून आग लागली व ती आंग्र्यांच्या इतर गुराबांत (लढाऊ जहाजांत) पसरली. पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता १७३९ मध्ये वसईबरोबरच गेली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर कंपनीच्या पासांना सर्वाधिक वजन आले.