पॉइंट टू-टूचे राउंड घेताना: डब्यावरचं नाव नको, लॉट नंबर बघा

५० मीटर रायफलच्या नेमबाजांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

"सगळ्यात भारी राउंड (म्हणजे पॉइंट टू-टू, .२२ बोअरचं काडतूस) कुठला?" आमच्या दुकानात आल्या आल्या हाच प्रश्न येतो. उत्तर आमच्याकडे नसतं, तुमच्या बॅरलकडे असतं.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) पात्रता फेरीत ५९० गुणांवर सातवा आला आणि पुढे कांस्य घेऊन परतला. ५८९ गुणांवर ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर अकरावा राहिला. अंतिम फेरीत जातात फक्त आठ.

५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची. हात हलणार, वारा फिरणार, ते गृहीतच आहे. त्यात राउंडच दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे जात असेल, तर चांगला मारलेला शॉटही नऊवर जातो आणि पोरगं उगाच स्वतःला दोष देत बसतं.

एली टेनेक्स, लापुआ, आरडब्ल्यूएस आर ५० ही नावं चांगलीच आहेत. पण त्याच नावाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यात वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांमध्ये, फरक पडतो. दारू, काठातलं स्फोटक, शिसं यांत किंचित बदल झाला की एक बॅरल खूश, दुसरं रुसलेलं. मित्राचा लॉट त्याच्या रायफलला लागला म्हणून तोच तुम्ही घेऊ नका. टेस्टला रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरून प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप काढा, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात ते कळेल. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप पाहून अख्खी पेटी उचलणारे नंतर हळहळतात. कंपनी बदलली की आधी पंधरा-वीस राउंड नुसते मारून घ्या. प्रत्येकीचं वंगण वेगळं असतं, ते बॅरलमध्ये बसायला वेळ लागतो.

"जास्त वेगाची द्या, वाऱ्यात कमी सरकेल," असंही ऐकतो. टू-टूत उलटं आहे. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास ठेवतात. हाय व्हेलॉसिटीची गोळी आवाजापेक्षा वेगात निघते, लक्ष्यापर्यंत पोचायच्या आतच त्या वेगाखाली येते आणि तिथे डगमगते. शिवाय बाजूच्या वाऱ्यात ती जास्तच सरकते.

शिकारीसाठी काय घ्यावं, हे विचारू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय आपल्याकडे संपला. आजोबांचे वाड्यातले किस्से आम्हालाही आवडतात, पण चहाबरोबर. शेतात रानडुकरं शिरत असतील तर वनखात्याकडे अर्ज करा, दुकानात येऊन उपयोग नाही.

मे महिन्यात डबा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. गोळीवरचं मेण उन्हात वितळतं आणि तपासून घेतलेला लॉट हातचा जातो. राउंड उडाला नाही तर बोल्ट (राउंड भरायचा मागचा खटका) लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबा आणि रेंज ऑफिसरला हाक मारा.

टेस्टला येताना मूळ परवाना आणि आत्ता वापरताय त्या राउंडचा रिकामा डबाही आणा. लॉट नंबर त्यावरच असतो. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही राउंड जास्त मिळणार नाही, ओळख कितीही जुनी असो.